रोबो बंद करूनही बघा

वाचकाचं पत्र: मी रोबोटिक्समध्ये पीएचडी करते आहे. डिमेन्शिया असलेल्या वृद्धांच्या देखभालीत सोशल रोबो, असा विषय आहे. खरं सांगायचं तर विभागाने एक मऊ, केसाळ, प्राण्यासारखा रोबो आधी घेतला आणि विषय त्यावरून ठरला. एका केअर सेंटरने परवानगी दिली आहे. वीसेक जणांना चार आठवडे रोबो द्यायचा, आधी आणि नंतर एमएमएसई ही आकलनाची चाचणी घ्यायची, हसण्याचे प्रसंग मोजायचे, असा आराखडा आहे. पुढच्या टप्प्यात रोबोला बोलतं करायचं आहे. ओळख करून द्यायला त्याला घेऊन गेले तेव्हा एका आजींनी विचारलं, "हा जिवंत आहे का गं?" मी नुसतीच हसले. दुसऱ्या आजी तो परत देईनात. शेवटी हातातून काढून घ्यावा लागला, तेव्हा त्या रडल्या. संमतीपत्रावर सही त्यांची घ्यायची की मुलांची, हे कोणी धड सांगत नाही. घरी भाऊ म्हणतो, "नकोशा झालेल्या माणसांना खेळणी वाटताय." विषय सोडायचा नाही, पण सुरुवात कुठून करू?

सप्रेम नमस्कार,

यंत्र आधी आलं आणि प्रश्न मागाहून, हे तुम्ही जरा ओशाळून लिहिलंय. ओशाळण्यासारखं त्यात काही नाही, विभागांमध्ये असंच चालतं. पण सिनॉप्सिस पक्का व्हायच्या आत हा आराखडा एकदा पुरता मोडा. आहे तसा राबवलात तर महिन्याभराने हातात आकडे येतील, उत्तर येणार नाही.

सर्वांत आधी एमएमएसई काढा. तीस गुणांची ती चाचणी तारीख-वार, ठिकाण, शब्द लक्षात ठेवणं, वजाबाकी, आकृती काढणं अशा गोष्टींतून आकलन तपासते. शिक्षण आणि भाषा यांचा तिच्या गुणांवर चांगलाच परिणाम होतो. मांडीवर रोबो घेतल्याने चार आठवड्यांत हे गुण वाढावेत असं मानायला काही आधार नाही. वाढलेच, तर तीच परीक्षा दुसऱ्यांदा दिल्याचा तो सराव असू शकतो. सहभागी आजाराच्या कोणत्या टप्प्यावर आहेत हे नोंदवायला सुरुवातीला एकदा घ्या हवी तर, पण रोबोचं यश तिच्यावरून ठरवू नका. शिवाय येत नसलेली उत्तरं कोणाला पुन्हा पुन्हा विचारणं हा काही निरुपद्रवी प्रकार नाही.

तुमचा रोबो कोणता ते पत्रात नाही, पण वर्णनावरून जातकुळी पारोची दिसते. जपानच्या एआयएसटी या संशोधन संस्थेत ताकानोरी शिबाता यांनी १९९३ पासून घडवत आणलेलं हे सील या समुद्री प्राण्याचं यांत्रिक पिल्लू. सीलच का, याचं उत्तर मला फार आवडतं. मांजर किंवा कुत्रा केला की लोक त्याची खऱ्याशी तुलना करतात आणि यंत्र नापास होतं. सीलचं पिल्लू मात्र कोणी कधी मांडीवर घेतलेलंच नसतं. स्पर्श, उजेड, आवाज, तापमान आणि आपल्याला कसं धरलंय हे पारोला कळतं. त्यावर तो मान वळवतो, डोळे मिटतो, आवाज काढतो. २००५ मध्ये तो जपानमध्ये विक्रीला आला, २००९ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरणांच्या नियामक संस्थेने त्याला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता दिली. किंमत काही हजार डॉलर. डिमेन्शियाच्या संदर्भात रोबोंवर जे लिहिलं गेलंय त्यातला मोठा भाग या एकट्यावर आहे, म्हणून तुमचा रोबो वेगळा असला तरी वाचन इथूनच सुरू करा.

त्यातही वेंडी मॉयल आणि सहकाऱ्यांची २०१७ ची ऑस्ट्रेलियातली चाचणी आधी वाचा. क्वीन्सलँडमधली २८ निवासी केंद्रं, डिमेन्शिया असलेले ४१५ रहिवासी. केंद्रं चिठ्ठ्या टाकल्यासारखी तीन गटांत वाटली. एका गटाला पारो मिळाला. दुसऱ्याची नेहमीची देखभाल तशीच चालू राहिली. तिसऱ्याला मिळाला तोही पारोच, पण आतली यंत्रणा बंद केलेला. तोच आकार, तीच लव, फक्त निपचित. आठवड्यातून तीनदा, पंधरा पंधरा मिनिटं, असं दहा आठवडे चाललं.

नेहमीच्या देखभालीच्या तुलनेत चालू पारोने आनंद वाढवला आणि व्हिडिओवरून मोजलेली अस्वस्थता कमी केली. इथे थांबलं की बातमी छान होते. बंद पारोच्या तुलनेत मात्र फरक उरला तो मुख्यतः एवढाच, की लोक चालू पारोशी जास्त बोलले आणि त्याच्याकडे जास्त पाहत राहिले. अस्वस्थता प्रश्नावलीवरून मोजली तेव्हा तर तिन्ही गटांत फरक दिसला नाही. पुढे याच चाचणीच्या खर्चाचा हिशेब मांडला गेला, त्यात पैशाच्या मानाने बंद खेळणंच किंचित वरचढ ठरलं.

या क्षेत्रातल्या सगळ्या कल्पनांमध्ये मला सर्वांत जास्त कौतुक त्या बंद पारोचं आहे. तो नसता तर मऊपणाचा परिणाम किती, कुशीत काहीतरी धरल्याचा किती आणि सेन्सर-मोटरांचा किती, हे कधीच वेगळं काढता आलं नसतं. तुम्ही रोबोटिक्सच्या आहात. तुमचा प्रबंध नेमका त्या शेवटच्या वाट्याबद्दल असायला हवा, आणि तो वाटा मोजायचा एकच रस्ता आहे: रोबोचं बटण बंद करून तोही अभ्यासात आणायचा. तुमच्या आराखड्यात "आधी" आणि "नंतर" आहे, पण "कशाच्या तुलनेत" कुठेच नाही.

आणखी एक गोष्ट या सगळ्यात लपलेली असते, ती म्हणजे रोबो घेऊन येणाऱ्या तुम्ही. कोणीतरी फक्त आपल्यासाठी खुर्ची ओढून बसलं, नाव घेऊन बोललं, घड्याळाकडे पाहिलं नाही. केंद्रातल्या माणसाच्या दिवसात ही किती मोठी घटना असते! ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत म्हणूनच रोबो हाती दिल्यावर सत्रात कोणी मध्ये पडायचं नाही असं ठेवलं होतं. याच्या उलट नॉर्वेमधला २०१५ चा एक अभ्यास आहे, १० केंद्रं आणि ६० जणांचा. तिथे पारो मध्ये ठेवून गट बसवला, अर्धा तास, आठवड्यातून दोनदा, बारा आठवडे. संपल्यानंतर तीन महिन्यांनी पाहिलं तेव्हा अस्वस्थता आणि नैराश्य दोन्ही तुलनागटापेक्षा कमी झालेलं दिसलं. आनंदाची गोष्ट आहे, पण तुलनागटाला नुसती नेहमीची देखभाल होती. त्यातलं श्रेय पारोचं किती आणि रोज आपापल्या खोलीत असणारी माणसं गोल करून बसली याचं किती, हे तो अभ्यास वाचून सांगता येत नाही.

वीस जणांत "रोबो उपयोगी आहे का" हा प्रश्न सोडवायला जाऊ नका, सुटणार नाही. प्रश्न लहान करा आणि प्रत्येक माणसाची तुलना त्याच्याशीच करा. काही दिवस चालू रोबो, काही दिवस बंद रोबो, काही दिवस रोबोशिवाय नुसत्या तुम्ही. कोणत्या दिवशी काय हे चिठ्ठी ठरवेल, तुम्ही किंवा केंद्राच्या व्यवस्थापक नाही. वेळ रोज तीच, कारण डिमेन्शियामध्ये अनेकांची अस्वस्थता दुपार कलल्यावर वाढते. एका दिवशी सकाळी रोबो आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बंद रोबो, असं झालं की तुम्ही सूर्य मोजत बसाल. आणि माझं ऐकाल तर वीस जण चार आठवडे यापेक्षा आठ-दहा जण आणि तीन महिने घ्या. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जे दिसतं त्यात नवलाई किती हे कळत नाही, ती ओसरायला वेळ द्यावा लागतो. तीन महिन्यांत कोणी इस्पितळात जाईल, कोणाला घरचे घेऊन जातील, कोणी मरण पावेल. या वयोगटात हे होणारच, तेव्हा त्याची सोय आराखड्यात आधीच लिहा. औषधं बदलली तर तारखेसह नोंदवा. नाहीतर झोपेच्या गोळीचं श्रेय रोबोला जाईल.

माणसं निवडताना एक सापळा आहे. केंद्र आपणहून सांगेल, "यांना घ्या, या फार त्रास देतात." जी व्यक्ती या आठवड्यात सर्वांत अस्वस्थ आहे ती पुढच्या काही आठवड्यांत थोडी शांत होण्याची शक्यता तशीही जास्त, कारण टोकाला गेलेली गोष्ट बहुतेकदा आपल्या सरासरीकडे परत येते. तुम्ही तेवढ्यात रोबो दिलेला असतो, म्हणून श्रेय त्याला. शिवाय मॉयल यांच्या चाचणीच्या पुढच्या विश्लेषणात असं दिसलं की तीव्र अस्वस्थता असलेल्यांवर पारोचा परिणाम कमी होता, सौम्य असलेल्यांवर बरा. केंद्राची अडचण खरी आहे, पण ती सोडवण्याचं आश्वासन देऊन आत शिरू नका.

हसणं मोजायला हरकत नाही, पण एकटं हसणं नको. एम. पॉवेल लॉटन यांनी डिमेन्शियासाठीच बनवलेली भावना-निरीक्षणाची मोजपट्टी आहे. तिच्यात आनंदाबरोबर राग, चिंता किंवा भीती, दुःख आणि सावधपणा हेही नोंदवतात. रोबोने कोणाला घाबरवलं तर ते तुमच्या तक्त्यात दिसलं पाहिजे. व्हिडिओ दोघांनी वेगवेगळं पाहून गुण द्यावेत, आणि त्या दोघांना तुमचा अंदाज काय आहे हे माहीत नसावं. हसताना नजर कुठे होती हेही लिहा. अनेकदा ती रोबोवर नसून तुमच्यावर असते. कॅमेऱ्याची चौकट घट्ट ठेवा. मागच्या खुर्चीवर बसलेल्या आजोबांनी कशालाच संमती दिलेली नाही.

आता "हा जिवंत आहे का" हा त्या आजींचा प्रश्न. यावर तत्त्वज्ञांचा वाद बराच जुना आहे. ऑस्ट्रेलियातले रॉबर्ट आणि लिंडा स्पॅरो यांनी २००६ मध्ये मांडलं होतं की रोबो-प्राण्याचा आनंद जर तो जिवंत असल्याच्या गैरसमजावर उभा असेल तर तो देणं ही फसवणूक आहे, माणूस खूश झाला तरीही. मला हे निम्मं पटतं. निम्मंच, कारण सगळेच फसलेले नसतात. कित्येकांना ते यंत्र आहे हे पक्कं ठाऊक असतं आणि तरी ते त्याच्याशी बोलतात, जसं आपण गाडीला "चल गं बाई आता" म्हणतो. त्यांच्या त्या खेळकरपणाला भ्रम समजणं हाही त्यांचा अपमानच.

पण विचारल्यावर नुसतं हसणं हे उत्तर चालणार नाही. माझा नियम असा राहील: तो जिवंत आहे असं आपल्या तोंडून कधी म्हणायचं नाही. विचारलं तर साधेपणाने खरं सांगायचं, "हे यंत्र आहे, हात लावला की हलतं. तुम्हाला कसं वाटतंय?" न विचारता कोणी त्याला बाळ म्हणून थोपटत असेल तर दर दोन मिनिटांनी चूक दुरुस्त करत बसायचं नाही. हे उत्तर शब्दशः लिहून ठेवा, म्हणजे तुम्ही, तुमची सहायक आणि ड्यूटीवरच्या सिस्टर एकच बोलाल. आणि उत्तरानंतर त्या काय म्हणाल्या ते टिपा. यंत्र आहे हे कळल्यावरही त्यांनी त्याला जवळ ठेवलं की बाजूला सारलं, ही तुमच्या प्रबंधातली सर्वांत रसाळ माहिती असेल. इंजिनिअर मंडळी ती बहुतेक वेळा गोळाच करत नाहीत.

रोबो हातातून काढून घेतला तो प्रसंग पुन्हा होऊ देऊ नका. थोड्या वेळाने विसरतील, असं तुम्हाला कोणीतरी सांगितलं असेल. आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये अल्झायमर असलेल्या लोकांना दुःखी आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या. काय पाहिलं हे त्यांना फारसं आठवेना, पण त्यातून आलेलं दुःख किंवा आनंद नंतरही टिकून राहिला. म्हणजे रोबो हिसकावून घेतल्याचं कारण पुसलं जाईल आणि वाईट वाटणं मात्र मागे राहील, तेही का वाईट वाटतंय हे न कळता. म्हणून सत्राचा शेवट सुरुवातीइतकाच बारकाईने आखा. पाच मिनिटं आधी सांगा, हाताला दुसरं काही द्या, ज्यांच्यावर त्यांचा विश्वास आहे अशा मदतनीस तेव्हा जवळ असाव्यात. आणि त्या सोडायला तयारच नसतील तर तो राहू दे त्यांच्याकडे, पुढचं सत्र रद्द करा. तुमचं वेळापत्रक मोडेल, मोडू दे. आयोवाच्या याच अभ्यासाचा तुमच्या आराखड्यावरही परिणाम होतो. आजच्या सत्राची भावना उरत असेल तर चालू आणि बंद रोबोची सत्रं एकाच दुपारी पाठोपाठ घेता येणार नाहीत, मध्ये किमान एक दिवस जाऊ द्या.

सही कोणाची, याचं उत्तर असं की शक्य असेल तिथे त्यांची, जिथे त्यांना निर्णय घेणं खरंच शक्य नाही तिथे कायद्याने मान्य असलेल्या प्रतिनिधीची, आणि दोन्ही बाबतींत सहीने काम संपत नाही. डिमेन्शियाचं निदान झालं म्हणजे निर्णयक्षमता संपली असं नसतं. ती निर्णयागणिक वेगळी असते. बँकेचे व्यवहार न जमणारी व्यक्ती "हे मांडीवर घेऊ का" हे नक्की ठरवू शकते. माहितीपत्रक चार पानी नको. मोठ्या अक्षरांत थोडी वाक्यं, फोटो, आणि टेबलावर प्रत्यक्ष रोबो ठेवून समजावा. प्रतिनिधीचे नियम देशागणिक बदलतात, तेव्हा तुमच्या एथिक्स कमिटीकडून ते लेखी घ्या. मुलांशी बोलताना "तुमची हरकत नाही ना?" असं विचारू नका. "आईला स्वतःला ठरवता आलं असतं तर त्या काय म्हणाल्या असत्या?" असं विचारा. दोन्ही प्रश्नांची उत्तरं बरेचदा वेगळी येतात. प्राण्यांची किळस असणारी, किंवा आयुष्यभर कुत्र्याला घाबरलेली आई तिथे कळते.

प्रतिनिधीने सही केली तरी समोरच्याने नको म्हटलं तर नको. जागतिक वैद्यकीय संघटनेचं हेलसिंकी घोषणापत्र हे स्पष्टच सांगतं: संमती देऊ न शकणाऱ्या व्यक्तीचा नकारही मानला पाहिजे. अडचण अशी की नकार नेहमी शब्दांत येत नाही. तोंड फिरवणं, डोळे मिटून घेणं, खुर्चीचा हात घट्ट धरणं, चादरीशी चाळा, अचानक उठून चालू लागणं. आणि होकार तर त्याहून फसवा असतो. जुन्या पिढीतली माणसं दारात आलेल्या मुलीचं मन मोडू नये म्हणून "हो हो, आण" म्हणतात आणि पंधरा मिनिटं ताठ बसून राहतात. त्या ताठ पाठीकडे बघायला शिका. जॅन ड्यूइंग या नर्सिंगच्या संशोधिकेने डिमेन्शियासाठी संमतीची अशी पद्धत मांडली आहे जिच्यात संमती एकदाच न घेता दर वेळी नव्याने पाहिली जाते, आणि आधी त्या व्यक्तीचं रोजचं बरं-वाईट कसं दिसतं हे समजून घेतलं जातं. ते वाचा. मग प्रत्येक सहभागीसाठी एक पान करा: ही व्यक्ती खूश असते तेव्हा कशी दिसते, नाराज असते तेव्हा कशी, नको कसं म्हणते. हे पान तुम्हाला एकटीला भरता येणार नाही, त्यांना रोज अंघोळ घालणाऱ्या मदतनीस भरून देतील. सलग दोन सत्रांना नकार आला तर त्या व्यक्तीला पुन्हा विचारायचं नाही, असा आकडाही लिहून टाका. गाईडना सहभागी कमी होतील याची धास्ती वाटेल, म्हणून तो आधीच कागदावर हवा.

त्या मदतनिसांबद्दल तुमच्या पत्रात एक ओळ नाही, आणि सगळ्या पत्रात मला तेच जास्त खटकलं. जेम्स राइट या मानवशास्त्रज्ञाने जपानमधल्या एका केअर होममध्ये जाऊन तीन रोबोंचं काय होतं ते पाहिलं: माणूस उचलायला मदत करणारा हग, आपला पारो आणि व्यायाम-करमणूक करून घेणारा 'पेपर' नावाचा रोबो. कर्मचाऱ्यांचं काम कमी व्हावं म्हणून आणलेली ही यंत्रं होती. झालं असं की त्यांना हलवणं, पुसणं, चालू करणं, समजावणं, वापर चालू असताना लक्ष ठेवणं हेच नवं काम होऊन बसलं. पारो लोकांना आवडला, पण एक रहिवासी त्याचं केसाळ आवरण सोलायला बघायच्या, तर दुसऱ्या त्याच्याशिवाय जेवायला आणि झोपायला तयार होईनात. हे सगळं निस्तरलं कोणी? ज्यांच्या हाताला आधीच उसंत नव्हती त्यांनी.

तेव्हा तुमच्या तक्त्यात एक रकाना कर्मचाऱ्यांच्या मिनिटांचाही असू दे. चार्जिंग, दोन माणसांच्या मधे स्वच्छता (केसाळ कापडाची स्वच्छता हा संसर्गाच्या दृष्टीने खरोखर डोकेदुखीचा विषय आहे, केंद्राच्या नर्सबरोबर बसून पद्धत ठरवा), हरवला तर शोधणं, दोघींना एकदम हवा झाला तर मिटवणं. रात्रपाळीच्या लोकांशीही बोला. दिवसा येणाऱ्या संशोधकांना रात्री काय होतं याची कल्पना नसते.

भावाचं म्हणणं खोडून काढायच्या फंदात पडू नका, मोजा. ब्रिटनमधले अमांडा आणि नोएल शार्की यांनी वृद्धांच्या देखभालीतल्या रोबोंचे जे नैतिक धोके मांडले त्यात माणसांचा सहवास कमी होणं हा ठळक होता. रोबो असलेल्या आठवड्यात त्या व्यक्तीशी किती वेळा कोणी येऊन बोललं, भेटीला येणारे तितकेच आले का, मदतनीस "आता रोबो आहे ना" म्हणून दुसरीकडे गेल्या का, हे नोंदवता येतं. उलटही घडू शकतं. भेटीत काय बोलावं हे न सुचणाऱ्या नातवाला रोबोमुळे विषय मिळतो. कोणतं घडतंय ते बघा. भावाच्या बोलण्यातला "खेळणी" हा टोला मात्र गंभीरपणे घ्या. आयुष्यभर जबाबदारीची कामं केलेली आई मांडीवर केसाळ बाहुलं घेऊन बसलेली पाहून घरच्यांना काय वाटतं? तुम्ही रोबो देताना बोबडं बोलू नका, टाळ्या वाजवू नका, त्याचं नाव त्यांच्यावर लादू नका. "हे एक यंत्र बनवलंय, तुमचं मत हवंय" असं म्हणून हाती द्या. तुमच्या प्रयोगाच्या दृष्टीनेही ते खरंच आहे.

मत हवंय, तर ते आधीपासून घ्या. डिमेन्शिया असलेल्या लोकांनीच चालवलेल्या संघटना आहेत, डिमेन्शिया अलायन्स इंटरनॅशनल २०१४ पासून काम करते. आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यावरच्या दोघा-तिघांना सल्लागार म्हणून घ्या आणि आराखडा त्यांच्यासमोर ठेवा. काय टाळायचं हे ते एथिक्स कमिटीपेक्षा स्पष्ट सांगतील.

बोलत्या रोबोची घाई करू नका. डिमेन्शियात शब्द सापडायला वेळ लागतो, वाक्याच्या मधे लांब शांतता येते, आणि बोलणं ओळखणाऱ्या यंत्रणा साधारणपणे थोडी शांतता झाली की समोरच्याचं संपलं असं धरतात. तुमचा रोबो त्यांचं बोलणं दर वेळी तोडेल, आणि बोलणं तोडलं जाण्याचा अनुभव या लोकांना माणसांकडून आधीच पुरेसा आलेला असतो. आधी शांतता किती सोसायची ते व्यक्तीगणिक बदलता येईल असं करा. रोबोटिक्सवाल्या म्हणून तुमचं खरं योगदान तिथे होऊ शकतं. पडद्याआडून माणसाने रोबो चालवायची जी पद्धत तुमच्याकडे रूढ आहे ती इथे वापरायची असेल तर कमिटीला तसं सरळ लिहा, कारण ही फसवणुकीवरची दुसरी फसवणूक होते. आणि बोलण्याची यंत्रणा कंपनीच्या सर्व्हरवर चालणार असेल तर जिबोचं काय झालं ते लक्षात ठेवा. घरात बोलणारा हा रोबो २०१७ मध्ये बाजारात आला, कंपनी टिकली नाही, आणि २०१९ मध्ये सर्व्हर बंद होणार असल्याचं त्याने स्वतःच मालकांना सांगितलं. तुमच्या सहभागींवर ती वेळ यायला नको. अभ्यास संपल्यावर रोबो केंद्रात राहणार की परत जाणार, राहिला तर दुरुस्ती कोण करणार, परत जाणार असेल तर किती आठवड्यांत हळूहळू कमी करणार, हे पहिल्या सत्राआधी केंद्राशी लेखी ठरवा.

सुरुवात कुठून, असं विचारलंत. रोबो विभागात ठेवून दोन-तीन आठवडे नुसत्या केंद्रात जा. परवानगी घेऊन बसा, हाताखाली काम करा, नावं पाठ करा, प्रत्येकाचं ते एक पान भरून घ्या. एथिक्स कमिटीचा अर्ज त्यानंतर लिहा, तो वेगळाच निघेल. मग गाईडकडे ऑस्ट्रेलियातली चाचणी घेऊन जा. ते विचारतीलच, "चालू आणि बंद रोबोत फरक आला नाही तर प्रबंधात काय लिहिणार?" त्यांना सांगा की नेमकं तेच लिहिणार, आणि म्हणून काय मोजणार आणि कसं मोजणार याची नोंदणी पहिल्या सत्राआधी करून ठेवणार आहे. निकाल काहीही आला तरी रोबो विकत घ्यावा की त्या पैशात मदतनिसांचे तास वाढवावेत, हे ठरवणाऱ्या पुढच्या केंद्राला तो उपयोगी पडेल.